कूलरच्या वरून येणारा उजेड

वर्ध्याच्या नागपूर रोडवर एका सहकारी संघाची तीन मजली कचेरी आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असलं तरी आत शिपाई सकाळी कुलूप उघडायचा, भिंतीवरच्या दिव्यांच्या सगळ्या खटक्यांवरून एकदा हात फिरवायचा आणि कचेरी सुटेपर्यंत त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. खिडक्या मोठ्या होत्या, पण उपयोग काय? कुठे कपाट आडवं लावलेलं, कुठे काचेवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि उरलेल्या खिडक्यांवर आडव्या पट्ट्यांचे पडदे पाडलेले. ऊन नको म्हणून खिडकी बंद, खिडकी बंद म्हणून अंधार, अंधार म्हणून दिवा. आणि दिव्यांनी तापलेली हवा उपसायला पंखा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

पौर्णिमा थूलला ते वाटलं. ती जानेवारीत पहिल्यांदा ती इमारत बघायला गेली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेब शाखेत उभी राहून तिने एक पडदा नुसता वर ओढला, आणि टेबलांशी बसलेले चार जण एकदम डोळ्यांवर हात धरून तिच्याकडे बघायला लागले. तिने पडदा सोडून दिला, माफ करा म्हणाली आणि बाहेर आली. पण जिना उतरताना तिच्या डोक्यात गणित सुरू झालं होतं.

पौर्णिमा सेलूची. वडील कवडू थूल बाजारात हमाली करायचे, आई पंचफुला जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. घरात पुस्तकं फार नव्हती, पण शाळा चुकवायची नाही हा नियम पक्का होता. तो आईपेक्षा वडिलांचा जास्त. मुलीने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला तेव्हा कवडूने आळीत पेढे वाटले, आणि नोकरी मिळेना तेव्हा तिला एका शब्दानेही टोचलं नाही. वर्ध्यातले ठेकेदार तिला टेबलावर बसवायला तयार असत. दरपत्रकं कर, बिलं कर, फोन घे. साइटवर पाठवायचं म्हटलं की शिडी, मजूर, उशीर, लोक काय म्हणतील, अशी सगळी कारणं पुढे यायची. शेवटी अंकुश नावाच्या एका ठेकेदाराचा सुपरवायझर केळझरच्या एका शाळेचं काम अर्ध्यात टाकून निघून गेला, आणि दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून त्याने पौर्णिमाला पाठवलं. तिने काम पुरं केलं. तेव्हापासून अंकुशची साइट म्हणजे पौर्णिमाची साइट असं होऊन बसलं. मिस्त्री आधी तिला ताई म्हणत, मग मॅडम म्हणायला लागले, आणि ओळख मुरल्यावर पुन्हा ताईवर आले.

बाहेरच्या उजेडाप्रमाणे आतले दिवे आपोआप मंद आणि तेज करणारी यंत्रणा तिने नागपूरच्या एका प्रशिक्षणात पाहिली होती. छतात एक वाटीएवढा सेन्सर बसवायचा. तो खालच्या उजेडाचा अंदाज घेतो, आणि जितका कमी पडेल तितकाच दिव्याकडून घेतो. ढग आला की दिवा वाढतो, ऊन पडलं की उतरतो, खोलीत कुणी नसलं की विझतो. परत येताना गाडीत ती अंकुशला त्याबद्दल इतकं सांगत राहिली की वर्ध्याचं स्टँड आलं तेव्हा तो म्हणाला, "बरं बाई, एक काम असं घेऊ. पण फसलं तर माझ्या नावावर फसन." संघाने इमारतीचे दिवे बदलायचं काढलं तेव्हा पौर्णिमाने यंत्रणेसकट प्रस्ताव दिला आणि तो मंजूर झाला.

आणि पहिल्यांदा तो फसलाच.

बसवल्याच्या दिवशी सगळं झकास दिसलं. संघाचे व्यवस्थापक प्रभाकरराव यांनी स्वतः प्रत्येक शाखेत फेरी मारली आणि दिवे हळूच उतरताना बघून लहान मुलासारखे हसले. आठवडा उलटायच्या आत तक्रारी सुरू झाल्या. खिडकीपासून लांब बसणारे म्हणत, आमच्या टेबलावर अंधार होतो. खिडकीजवळचे म्हणत, ढग सरकला की दिवे वर-खाली होतात, डोकं दुखतं. संगणक शाखेच्या दामिनी उईके स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पौर्णिमाला सगळ्यांसमोर सांगितलं, की तुमचे दिवे आमच्यावर पाळत ठेवून राह्यले असं वाटते, कुणी खुर्चीत शांत बसलं तर वरून अंधार करतात. सगळे हसले. पौर्णिमाही हसली, पण तिला ते लागलं.

ती दोन दिवस मीटर घेऊन टेबलाटेबलावर उजेड मोजत फिरली आणि मग तिला आपली चूक कळली. सेन्सर तिने अशा जागी बसवले होते की त्यांची तोंडं खिडक्यांकडे होती. त्यांना बाहेरचं लख्ख ऊन दिसायचं आणि खोली उजळली आहे असं समजून ते सगळेच दिवे उतरवायचे. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या टेबलावर काय आहे, हे त्यांना दिसतच नव्हतं. नकाशावर जागा तिनेच ठरवल्या होत्या. प्रभाकररावांच्या खोलीत जाऊन तिने तसं सांगितलं. अंकुश शेजारी उभा होता, त्याला दोष यंत्राच्या कंपनीवर ढकलायचा होता. पण पौर्णिमा म्हणाली, मशीन बरोबर आहे, मी चुकले, मीच दुरुस्त करते.

तिने सेन्सर फिरवले. खिडकीजवळची, मधली आणि मागची रांग वेगवेगळी केली. दिवा एकदम न बदलता सावकाश बदलेल, माणसाला कळणारही नाही, असं जुळवलं. माणूस स्तब्ध बसला तरी दिवा चालू राहील याची सोय केली. बहुतेक शाखांतली कुरकुर थांबली. दामिनीताईंनी तर एकदा चहा मागवून दिला. त्यांच्याकडून ही मोठीच पावती होती.

राहिली ती दुसऱ्या मजल्यावरची हिशेब शाखा. तिथल्या पश्चिमेच्या रांगेतल्या सेन्सरवर कुणीतरी काळी चिकटपट्टी लावत होतं. पट्टी लावली की सेन्सर आंधळा होतो आणि दिवे पूर्ण तेजाने जळत राहतात. पौर्णिमाने पट्टी काढली, दोन दिवसांनी पुन्हा लावलेली. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शाखेत विचारलं तर कुणालाच माहीत नाही. प्रभाकरराव चिडले. संचालक मंडळाने खर्चाचा जाब विचारला होता, आणि इथे आपलीच माणसं यंत्रणा बिघडवत होती. त्यांनी पौर्णिमाला सांगितलं, की नाव शोधून द्या, मी त्याला मेमो देतो.

पौर्णिमाला पोलिसगिरी करायची नव्हती. पट्टी लावणारा खोडसाळ नसावा, असं तिला वाटत होतं. खोडसाळ माणूस एकदा करतो, मजा बघतो आणि विसरतो. हा पुन्हा पुन्हा खुर्चीवर चढून करत होता, म्हणजे त्याला काहीतरी हवं होतं. तिने प्रभाकररावांकडे तिथे एक दिवस बसून काम करायची परवानगी मागितली. त्या दिवशी त्या रांगेतली एकच खुर्ची रिकामी होती. ज्येष्ठ हिशेबनीस वासुदेवराव सुटीवर होते.

दुपारपर्यंत काही विशेष घडलं नाही. मग सूर्य पश्चिमेला कलला आणि वासुदेवरावांच्या खुर्चीतून दिसणारी खिडकी पांढरीफटक झाली. पौर्णिमाने समोरच्या कागदाकडे बघितलं तर अक्षरं पुसटली. डोळे त्या झगमगाटाला सरावले होते, कागद त्यापुढे काळा दिसत होता. तिने पडदा पाडला. झगमगाट गेला, पण टेबलावरही अंधार आला, आणि दिवा काही वाढला नाही. तिने वर बघितलं. शेजारच्या दोन खिडक्यांचे पडदे उघडे होते. सेन्सर त्या उजेडावर खूश होता, आणि वासुदेवरावांचं टेबल मात्र सावलीत बुडालं होतं. आता इथला माणूस काय करणार? खुर्चीवर चढणार आणि सेन्सरवर पट्टी लावणार. दिवे आपल्या जागी, पडदे आपल्या जागी, असं तिने कागदावर धरलं होतं. पण पडद्याची दोरी माणसाच्या हातात असते आणि दिव्याला ते ठाऊक नसतं. दोन्हींचा विचार एकत्र केल्याशिवाय हे काम होणार नव्हतं.

संध्याकाळी कचेरी सुटत असताना वासुदेवराव स्वतः दारात उभे राहिले. ते दवाखान्यातून आले होते, आदल्या दिवशी विसरलेली डब्याची पिशवी न्यायला. आपल्या खुर्चीत पौर्णिमाला बघून ते टेबलापर्यंत आले. मग त्यांनी विचारलं,

"माया खुर्चीत काऊन बसली तू?"

"काका, तुम्हाला इथून काय दिसतं ते पाहायचं होतं," पौर्णिमा म्हणाली. "चारनंतर इथे काहीच वाचता येत नाही."

वासुदेवराव शेजारच्या खुर्चीत बसले. शाखा रिकामी झाली होती. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता. अर्धी नजर गेली होती आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं. झगमगाट सहन होत नाही आणि कमी उजेडात आकडा दिसत नाही. निवृत्तीला थोडा काळ उरला होता. कचेरीत कळलं तर हिशेबावरून काढून आवक-जावकच्या खिडकीवर बसवतील, या धास्तीने त्यांनी घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळं आयुष्य आकड्यांत गेलं, शेवटी शिक्के मारत बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"पट्टी मीच लावतो. मले लाज वाटते पोरी, पण दुसरा उपाय सुचला नाई," ते म्हणाले. "कोणाले सांगू नको."

पौर्णिमाने शब्द दिला. आणि त्यांनी विचारलं नव्हतं तरी हेही सांगितलं, की काका, चूक तुमची नाही, खोलीची आहे, आणि खोली मी सुधारीन.

पण सुधारायचा विचार करेपर्यंत मार्च संपत आला आणि कूलर आले. विदर्भातल्या कचेरीत उन्हाळ्याची वर्दी कूलर देतात. गोदामातले लोखंडी स्टँड निघाले, जुन्या वाळ्याच्या ताट्या निघाल्या, आणि बहुतेक खिडक्यांत बाहेरून एकेक अजस्र डबा चढला. पौर्णिमाने हिवाळ्यात जे जे जुळवलं होतं ते बघता बघता मातीमोल झालं. खिडक्यांचा खालचा भाग कूलरच्या आड गेला, दिवे सकाळपासून पूर्ण तेजाने जळायला लागले. जुन्या ट्यूबलाइटच्या दिवसांत आणि आता काही फरक राहिला नाही. प्रभाकररावांनी अंकुशला बोलावून सांगितलं, की ते सेन्सर काढा आणि आम्हाला आमचे साधे खटके परत द्या.

पौर्णिमाने दोन दिवसांची मुदत मागून घेतली. सेन्सर काढायचे तर काढू, पण आधी एकदा नीट बघते म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती हिशेब शाखेत शिडीवर चढली आणि पहिल्यांदाच खिडकीच्या वरच्या भागाकडे जवळून पाहिलं. कूलरच्या वर हातभर उंचीची काचेची पट्टी होती, प्रत्येक खिडकीला. खालून ती भिंतच वाटायची, कारण कधीकाळी कुणीतरी ऊन टाळायला तिच्यावर हिरवा ऑइलपेंट फासला होता. पौर्णिमाने खिशातल्या पेचकसाने एक कोपरा खरवडला. बाहेरच्या कूलरच्या पत्र्यावरून उसळलेल्या उजेडाची एक बारीक रेघ आत आली आणि खाली कुणाच्या डोळ्यात न जाता तडक छताला जाऊन भिडली.

ती शिडीवरच थांबली. तिला आईचं जिनिंग आठवलं. शाळेतून येताना ती आईचा डबा घेऊन तिथे जायची. त्या लांबच लांब शेडला खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. छताला उत्तरेकडे तोंड करून काचा होत्या, आणि त्यातून येणारा उजेड कापसाच्या ढिगांवर असा सारखा पसरायचा की बायकांच्या हाताची सावलीसुद्धा पडायची नाही. दिवस मावळेपर्यंत पिवळी बोंडं निवडायला तिथे कधी बल्ब लागला नाही. लहानपणी तिला ते त्या जागेचं वेगळेपण वाटायचं. आज तिला त्यातलं कारण दिसलं. उजेड माणसाच्या डोळ्यांसमोरून आला तर त्रास देतो, डोक्यावरून आला तर कामाला येतो.

आणि कूलर? ती ज्याला वैरी समजत होती तो कूलर खिडकीचा नेमका तोच भाग झाकत होता जिथून झगमगाट यायचा.

प्रभाकररावांना तिने एकच खोली मागितली. बाकी सगळीकडचे सेन्सर हवं तर काढून टाका, पण हिशेब शाखा मला एप्रिल संपेपर्यंत द्या. प्रभाकरराव बराच वेळ पेन फिरवत राहिले. पौर्णिमाने आपली चूक तोंडावर कबूल केली होती, ते त्यांच्या लक्षात असावं. त्यांनी हो म्हटलं.

हिरवा रंग खरवडायला मिस्त्री लागले. अंकुश स्वतः आला आणि बाह्या सरसावून कामाला भिडला. कूलरच्या माथ्याच्या वर, काचेच्या पट्टीखाली, पौर्णिमाने आतल्या बाजूने एक रुंद पांढरी फळी आडवी बसवली, जरा तिरकी, म्हणजे आलेला उजेड तिच्यावर आपटून छताकडे जाईल. छत वर्षानुवर्षांच्या धुराने पिवळं पडलं होतं, त्याला पांढरा रंग दिला. जिथे कूलर नव्हता तिथे खालचे पडदे शक्यतो खाली, वरची पट्टी कायमची उघडी. सेन्सर आता टेबलांवर पडणाऱ्या उजेडाकडे बघत होता, आणि तो उजेड छतावरून येत असल्यामुळे कुणी खालचा पडदा पाडला-उघडला तरी त्यात फारसा फरक पडत नव्हता. शेवटी तिने प्रत्येक टेबलाला एक छोटं बटण दिलं. यंत्रणा काहीही म्हणो, ज्याला आपल्या टेबलावर जास्त उजेड हवा त्याने तो घ्यावा. चौदा एप्रिलला तिने कामाला हात लावला नाही. त्या दिवशी ती सेलूला होती, आईच्या शेजारी, पांढरी साडी नेसून मिरवणुकीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीवर.

ज्या दिवशी काम संपलं त्या दिवशी दुपारी बाहेर रस्ता वितळायच्या बेतात होता, आणि हिशेब शाखेत पिठूर चांदण्यासारखा शांत, सारखा उजेड पसरला होता. दिवे चालू आहेत की बंद ते बघायला लोकांना मान वर करावी लागत होती. पश्चिमेच्या रांगेत ते जवळजवळ बंदच होते. वासुदेवराव आपल्या खुर्चीत बसून आकडे उतरवत होते. चार वाजले तरी त्यांनी पडद्याच्या दोरीला हात लावला नाही. पौर्णिमा दारातून बघत होती. त्यांनी मान वर केली नाही आणि तिनेही त्यांना हाक मारली नाही.

महिन्याच्या शेवटी प्रभाकररावांनी सगळ्या शाखाप्रमुखांना आणि हिशेब शाखेला बोलावलं. खोली त्यांना पसंत पडली होती, आता सगळी इमारत तशी करायची होती. पण संचालकांना द्यायच्या उत्तरात आधीचा बिघाड का झाला, तेही लिहावं लागणार होतं. त्यांनी सगळ्यांसमोर पौर्णिमाला विचारलं, पट्टी कोण लावत होतं, ते आता तरी सांगा.

"नाव मी देणार नाही, साहेब," पौर्णिमा म्हणाली. "मी चुकीच्या जागी सेन्सर लावला नसता तर कुणाला पट्टी लावायची गरजच पडली नसती. तुम्ही तसंच लिहा."

प्रभाकररावांच्या कपाळावर आठी चढली. अंकुश खाली बघायला लागला. तेवढ्यात मागच्या बाजूला खुर्ची सरकली आणि वासुदेवराव उठले. टेबलाची कड धरून त्यांनी सांगितलं, की पट्टी मी लावत होतो. मग डोळ्याचंही सांगितलं, सगळं. ते मध्ये थांबले नाहीत. या पोरीला गेल्या महिन्यापासून हे माहीत आहे, तिने माझी लाज राखली, आता माझ्यापायी तिला बोलणी खायला लावणार नाही, असं म्हणून ते खाली बसले.

प्रभाकरराव वाईट माणूस नव्हते, पण नियमाचे होते. टेबल बदलावं लागेल असं काहीतरी ते पुटपुटले. तेव्हा दामिनीताई बोलल्या.

"टेबल कशाले बदलता साहेब? अख्ख्या बिल्डिंगमध्ये आता त्यांच्याच टेबलावर सगळ्यात चांगला उजेड आहे."

कुणीतरी हसलं, मग प्रभाकररावही हसले. वासुदेवराव हिशेबावरच राहिले. बारीक छापाची पडताळणी तेवढी दुसऱ्याकडे दिली गेली, आणि त्याला त्यांनी हरकत घेतली नाही.

पावसाळा लागेपर्यंत तिन्ही मजल्यांचं काम झालं. सगळंच साधलं असं नाही. तळमजल्यावरची दप्तराची खोली शेजारच्या इमारतीला इतकी चिकटून आहे की तिथे उजेड आणायला वाटच नाही. तिथे पौर्णिमाने नाद सोडला आणि साधे खटके ठेवले. पूर्वेच्या बाजूला सकाळचा तास-दीड तास अजूनही कुणीकुणी कुरकुर करतं. पण वर्षभराने बघितलं तेव्हा दिव्यांना लागणारी वीज निम्म्याच्याही खाली आली होती, आणि दिव्यांची उष्णता कमी झाल्यामुळे कूलरची हवाही आत जरा जास्त गार लागायला लागली, असं लोक म्हणत. संघाने नेमलेल्या माणसाने येऊन मोजमाप केलं आणि त्याच्या अहवालात तिची पांढरी फळी आकृतीसकट नोंदवली.

वासुदेवराव गेल्या वर्षी निवृत्त झाले, हिशेबाच्याच खुर्चीवरून. निरोपाच्या दिवशी त्यांनी पौर्णिमाला मुद्दाम बोलावलं होतं. भाषणात ते तिच्याबद्दल काही बोलले नाहीत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. पण पंचफुलाबाई लेकीबरोबर आल्या होत्या, त्यांच्यापाशी जाऊन ते म्हणाले, "बाई, तुमची पोरगी आधी समोरच्या माणसाच्या खुर्चीत बसते, मग काम करते." पंचफुलाबाईंना त्याचा नीट अर्थ लागला नाही. घरी येताना त्यांनी विचारलं, म्हणजे काय? पौर्णिमा म्हणाली, काही नाही, असंच. पण त्या दिवशी ती खूप आनंदात होती, हे आईच्या नजरेतून सुटलं नाही.

आता तळेगावला एक नवी कचेरी उभी राहायची आहे. पाया खणायचा बाकी आहे, नकाशा टेबलावर आहे, आणि खिडक्या कुठे काढायच्या हे ठरवायला नकाशावाल्यांनी पौर्णिमाला बोलावलं आहे. भिंती उभ्या राहण्याच्या आधी आजवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मागच्या रविवारी ती अंकुशला घेऊन ती मोकळी जागा बघायला गेली. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथेच होते. सावल्या कुठून कुठे सरकतात ते बघत, मधेच जागा बदलत, आणि अंकुश प्रत्येक वेळी तिच्या सांगण्यावरून सावली असेल तिथे जमिनीत एकेक खुंटी ठोकत होता.